विधवेचें तेल आणि दुकानाचा गल्ला

पाठ : २ राजे, अध्याय ४, ओव्या १ ते ७



ज्यांच्या वाडवडिलांनीं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबून दिवसाची मजुरी पदरांत घेतली, अशा आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांनीं अलीकडे स्वतःचा लहानसा धंदा मांडला आहे. कोणीं पिठाची गिरणी घातली, कोणीं शिवणयंत्र घेतलें, कोणीं किराणा मालाचें दुकान उघडलें, तर कोणीं रस्त्याच्या कडेला चहाची टपरी थाटली. कोणाला बचत गटानें भांडवल दिलें. कोणाला २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेखालीं बँकेनें दिलें. या योजनेच्या ‘शिशु’ नांवाच्या पहिल्या वर्गांत ५०,००० रुपयांपर्यंतचें कर्ज तारणावांचून मिळतें. ज्याच्या आजाला सावकाराच्या ओट्यावर चढण्याची सोय नव्हती, त्याला आज बँकेंत खुर्ची मिळते, ही देवाची कृपा आहे. तिच्याबद्दल आपण उपकार मानले पाहिजेत.

परंतु पाळकांना व उपदेशकांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. दुकान उघडतें त्या दिवशीं सारी मंडळी तेथें जमते. गीतें होतात, प्रार्थना होते, सर्वांना चहा मिळतो. मग पांच-सहा महिने जातात, आणि तो भाऊ उपासनेंत दिसेनासा होतो. विचारलें तर म्हणतो, वेळ मिळत नाहीं. खरें कारण पुढें कळतें. त्यानें मंडळींतील तिघां-चौघांकडून हातउसने पैसे घेतलेले असतात, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहणें त्याच्या जिवावर येतें. शेवटीं एके दिवशीं दुकानाला कुलूप लागतें. कर्ज मात्र तसेंच राहतें.

अशा वेळीं आपण म्हणतों कीं, बिचाऱ्याचा धंदा चालला नाहीं. कधीं कधीं तें खरेंही असतें. पण पुष्कळदां गिऱ्हाईक येत होतें, पैसाही येत होता. आलेला पैसा कोणाचा, एवढेंच त्या भावाला कळलें नव्हतें. या एका गोष्टीविषयीं आज आपण शास्त्रांतून शिकूं या.

अलीशा संदेष्ट्याच्या काळीं संदेष्ट्यांच्या मंडळींतील एक मनुष्य मरण पावला. तो देवाला भिऊन वागणारा होता, तरी मागें कर्ज ठेवून गेला. सावकार दाराशीं आला. कर्जाच्या बदल्यांत त्या विधवेचे दोन मुलगे गुलाम करून न्यावे, असा त्याचा बेत होता. ती बाई आक्रोश करीत अलीशाकडे गेली. अलीशानें तिला विचारलें कीं, तिच्या घरांत काय आहे. तेलाच्या एका भांड्यावांचून तिच्या घरांत कांहीं नव्हतें. त्यानें तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणण्यास, आणि तीं थोडींथोडकीं न आणण्यास, सांगितलें. मग मुलांसह आंत जाऊन दार लावून घ्यावें व त्या भांड्यांत तेल ओतावें, असें सांगितलें. मुलगे भांडीं पुढें करीत गेले, ती ओतीत गेली. भांडीं संपलीं, तेव्हां तेलही थांबलें. तिनें परत येऊन देवाच्या माणसाला हें वर्तमान कळविलें. तेव्हां त्यानें तिला तीन गोष्टी सांगितल्या : तेल विकावें, ऋण फेडावें, आणि जें उरेल त्यावर तिनें व तिच्या मुलांनीं निर्वाह करावा.

या तीन गोष्टींचा क्रम नीट पाहा. आधीं विकणें, मग फेडणें, मग जगणें. देवाला क्रम उलटा करतां आला असता. त्या मातेची भूक त्याला दिसत नव्हती असें नाहीं. तरीही चमत्कारानें मिळालेलें तेलसुद्धां आधीं सावकाराचें होतें, आणि उरलेलें तेवढेंच तिचें होतें. आणखी असें पाहा कीं, घर तेलानें भरल्यावर ती बाई बाजारांत धांवली नाहीं. ती आधीं परत येऊन पुढें काय करावें हें ऐकून घेते. भरलेलीं भांडीं पाहूनही हें सर्व माझें असें तिनें मानलें नाहीं. नवा धंदा करणाराला याहून मोठा धडा नाहीं.

१. देवाचा माणूस हिशेब विचारतो

अलीशानें त्या विधवेला उपदेश करण्याआधीं तिच्या घरांत काय आहे हें विचारलें. हिशेब ही ऐहिक गोष्ट आहे, तिच्याशीं धर्माचा संबंध नाहीं, असें जे म्हणतात त्यांनीं हा प्रश्न ध्यानांत ठेवावा. प्रभु येशूनेंही बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे (लूक १४). त्या माणसानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, नाहीं तर पाया घालून काम अर्धवट राहील आणि पाहणारे हंसतील, असें प्रभूनें सांगितलें. तेथें प्रभु शिष्य होण्याविषयीं बोलत होता हें खरें. पण आपल्या ऐकणाऱ्यांना बांधकामाचा व पैशाचा हिशेब समजतो, हें त्यानें गृहीत धरलें होतें.

आतां एक चित्र डोळ्यांपुढें आणूं या. समजा, एका गांवीं एका भावानें कर्ज काढून पिठाची गिरणी घातली आहे. तीन रविवार तो देवळांत आला नाहीं, म्हणून उपदेशक संध्याकाळीं गिरणीवर जातात.

“भाऊ, तीन रविवार तुमची जागा रिकामी आहे,” ते म्हणतात.

“काय करूं, मास्तर? रविवारीं बाजार असतो. दळण त्याच दिवशीं जास्त येतें. आणि बँकेचा हप्ता कांहीं थांबत नाहीं.”

मास्तर पोत्यावर बसतात. “महिन्याला काय मिळतें?”

“मिळतें कीं. पंधरा हजार येतात. पण कोठें जातात, देव जाणे. हातांत राहत नाहीं.”

“वही आहे?”

“वही कशाला, मास्तर? काय असेल तें गल्ल्यांत.”

हा भाऊ आळशी नाहीं. पहांटे उठतो, रात्रीं उशिरां घरीं जातो. तो उधळ्या किंवा व्यसनीही नाहीं. तरी त्याचें दार सावकाराला उघडें आहे, कारण देवाचा माणूस जें विचारतो त्याचें उत्तर त्याच्यापाशीं नाहीं.

२. गल्ला म्हणजे मजुरी नव्हे

येथें आपल्या लोकांची एक अडचण सांगितली पाहिजे. ती कोणाचा दोष काढण्यासाठीं नाहीं. जो मनुष्य मजुरी करीत आला आहे, त्याच्या हातीं संध्याकाळीं आलेला पैसा सर्वस्वीं त्याचा असतो. त्यानें घाम गाळला, मालकानें दाम दिला, हिशेब तेथें संपला. त्या पैशांतून तो मीठमिरची आणतो, तर त्यांत कांहीं चूक नाहीं. तोच मनुष्य जेव्हां गल्ल्यामागें बसतो, तेव्हां त्याचा हात जुन्या संवयीनेंच गल्ल्यांत जातो. परंतु गल्ल्यांतील पैसा मजुरी नव्हे. त्या एका पेटींत पुष्कळांचे पैसे एकत्र पडलेले असतात, आणि त्यांवर कोणाचेंही नांव लिहिलेलें नसतें.

आपल्या गिरणीवाल्या भावाचे पंधरा हजार वेगळे करून पाहूं. समजा, त्यांतील ४,००० रुपये विजेचे आहेत, ३,५०० बँकेच्या हप्त्याचे, आणि २,५०० संध्याकाळीं मदतीला येणाऱ्या गड्याचे. पट्टा तुटतो, दगड झिजतात, त्यांना टाकी लावावी लागते. त्यासाठीं १,००० बाजूला ठेवले पाहिजेत. हे ११,००० झाले. राहिले ४,०००. म्हणजे रोजच्या ५०० रुपयांतील सुमारें १३३ रुपयेच त्याच्या घरचे आहेत. तो मात्र रोज ५०० पाहतो, आणि ५०० मिळविणाऱ्या माणसासारखा खर्च करितो. मेव्हण्याच्या लग्नांत आहेर करितो, मुलाला नवा मोबाइल घेऊन देतो. मग एके दिवशीं पट्टा तुटतो, नव्या पट्ट्याला पैसा नसतो, गिरणी चार दिवस बंद राहते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे जातें.

हल्लीं पुष्कळ लोक मोबाइलवरून पैसे देतात, आणि ते थेट बँकेच्या खात्यांत जमा होतात. त्याच खात्यांतून घरचा किराणा व औषधपाणी होऊं लागलें, म्हणजे कोणता पैसा कोणाचा हें समजणें आणखी कठीण होतें. म्हणून धंद्याचें खातें निराळें ठेवावें व घराचें निराळें ठेवावें. रोख पैशासाठीं तीन डबे करावे : पहिल्यांत देण्याचे पैसे, दुसऱ्यांत दुरुस्तीचे, तिसऱ्यांत घरचे. आठवड्यांतून एकदां ठरलेली रक्कम घरांत न्यावी. मधल्या दिवसांत गल्ल्याला हात लावूं नये. आणि रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं दोन ओळी लिहाव्या : आज काय आलें, आज काय गेलें. ज्याला लिहितां येत नाहीं, त्याच्या घरांत शाळेंत जाणारें मूल असतें; त्याच्या हातून लिहवावें.

कोणी विचारील, उरलेल्या चार हजारांत घर चालत नसेल तर? तर हें पहिल्याच महिन्यांत कळणें फार बरें. मग शेळ्या विकूं नयेत, घरांतील ज्याला शेतावरची कामें मिळतात त्यानें तीं लगेच सोडूं नयेत. पौल प्रेषितानें करिंथांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून तंबू शिवण्याचें काम केलें (प्रेषितांचीं कृत्यें १८). हातांचें काम चालू ठेवण्याची त्याला लाज वाटली नाहीं. मग आपण कां लाजावें?

दशमांशाविषयींही येथें स्पष्ट बोललें पाहिजे. कांहीं भाऊ सर्व गल्ल्याचा दहावा भाग देवळांत आणितात, आणि वीजबिल मात्र थकलेलें असतें. त्यांची भक्ति खरी असेल. पण तें अर्पण त्यांचें नव्हे. दाविदानें अरवनाच्या खळ्यावर फुकट मिळणाऱ्या बैलांचें अर्पण नाकारलें, आणि मोल देऊनच तीं घेतलीं (२ शमुवेल २४). ज्यासाठीं दुसऱ्याचा पैसा खर्च झाला तें आपलें अर्पण होत नाहीं. जें उरतें त्याचा दहावा भाग आनंदानें द्या. तो लहान दिसला तरी देव माप पाहत नाहीं, हें विधवेच्या दोन दमड्यांवरून आपल्याला ठाऊक आहे.

३. ऋण आधीं

ऋण केवळ बँकेचें असतें असें समजूं नका. गड्याची मजुरी हें ऋण आहे, आणि सूर्य मावळण्यापूर्वीं तें द्यावें अशी नियमशास्त्राची आज्ञा आहे (अनुवाद २४). आपण स्वतः मजुरी केली आहे. दाम मिळण्यासाठीं मालकाच्या दारीं तिष्ठत बसणें म्हणजे काय, हें आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक आहे? तेंच दुःख आपण मालक झाल्यावर दुसऱ्याला दिलें, तर आपण मिसर देशांतून निघालों खरे, पण फारोची काठी बरोबर घेऊन निघालों असें होईल.

गिऱ्हाइकाचेंही आपण देणें लागतों. बाईनें गहूं आणले, तर तिला तिच्याच गव्हाचें पीठ मिळालें पाहिजे. आधींच्या बाजरीचें पीठ दगडांत राहिलें असेल तर तें झाडून काढलें पाहिजे. खोटा तराजू परमेश्वराला वीट आणितो असें नीतिसूत्रांचा लेखक सांगतो, आणि आपल्या सरकारचें वैध मापनशास्त्र खातेंही वजनांवर ठराविक मुदतीनें शिक्का मारून घ्यावयास लावितें. सरकारचा शिक्का निरीक्षकासाठीं असतो. देव मात्र निरीक्षक नसतांनाही पाहतो.

आणि ज्यांना आपण उधार देतों त्यांचें काय? येथें पुष्कळ दुकानें बुडतात. आपला भाऊ आहे, आपल्या मंडळीची बाई आहे, नाहीं कसें म्हणावें? १८४४ सालीं इंग्लंडांत रॉचडेल या गांवीं २८ कामकरी लोकांनीं २८ पौंडांचें भांडवल जमवून एक लहानसें दुकान काढलें. पीठ, लोणी, साखर असा थोडाच माल होता. दुकानदाराच्या उधारीखालीं कामकऱ्यांचीं घरें कशीं दबून जातात, हें त्यांनीं पाहिलें होतें. म्हणून शुद्ध माल द्यावा, पुरें माप द्यावें आणि रोखीनेंच विकावें, असा त्यांनीं नियम केला. त्या लहान दुकानापासून जगभर सहकारी भांडारें निघालीं. ज्याला उधार दिलें नाहीं, त्याच्यावर प्रेम केलें नाहीं असें होत नाहीं. भुकेल्याला द्यावयाचें असेल तर आपल्या घरच्या डब्यांतून दान म्हणून द्यावें, आणि परत मागूं नये. पण बँकेच्या पैशांतून उधार देऊन मोठेपणा मिळवूं नये.

आपल्याच महाराष्ट्रांतील एक उदाहरण सांगतों. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांत सात गुजराती भगिनींनीं एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांच्यापाशीं ८० रुपये होते, आणि तेही उसने होते. आरंभींच त्यांनीं ठरविलें कीं, तोटा आला तरी कोणाकडून देणगी किंवा मदत म्हणून पैसा घ्यावयाचा नाहीं. पुढें ‘लिज्जत’ या नांवानें प्रसिद्ध झालेली संस्था ती हीच. पहिल्यानें त्या दोन प्रतींचे पापड करीत, चांगले महाग व हलके स्वस्त. ज्यांनीं त्यांना पैसे दिले होते त्या छगनबापा पारेख यांनीं सांगितलें कीं, एकच चांगली प्रत करा, तींत कधीं कमी करूं नका, आणि हिशेब चोख ठेवा. पहिल्या वर्षीं पावसाळ्यांत पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट व एक शेगडी आणली. खाटेवर पापड पसरून खालीं शेगडी ठेवली, आणि काम चालू राहिलें. त्या भगिनी आपल्या मंडळीच्या नव्हत्या. पण उसनें तें उसनें आणि आपलें तें आपलें, हा भेद त्यांना पहिल्या दिवसापासून कळला होता. हें ज्ञान वचन ऐकणाऱ्या आपणांमध्यें त्यांच्याहून कमी असूं नये.

४. दाराच्या आंतील माणसें

पहिल्या कर्जाला ‘शिशु’ हें नांव दिलें तें योग्यच आहे. नवा धंदा म्हणजे तान्हें मूल. तें रात्रीं उठवितें, जेवतां जेवतां हांक मारितें, पाहुण्यांत बसूं देत नाहीं. पहिल्या वर्षीं कष्ट अधिक पडतात, यांत कोणाचा अपराध नाहीं, आणि त्याबद्दल उपदेशकांनीं लगेच रागें भरूं नये. पण तान्हें मूल घरांत वाढतें; त्याच्यासाठीं कोणी घर मोडीत नाहीं.

त्या विधवेनें दार लावून घेतलें, तेव्हां तिचे दोन्ही मुलगे तिच्याबरोबर आंत होते. ज्यांना वांचवावयाचें होतें तेच भांडीं हातीं देत होते. आपल्या धंद्यांत असें आहे काय? पुष्कळ घरांत बायकोला कर्जाचा आंकडा ठाऊक नसतो. हप्ता थकल्यावर बँकेचा माणूस दारीं येतो, तेव्हां तिला कळतो. हें बरें नव्हे. दार लावून घरांतल्या घरांत हिशेब मांडा, आणि घरधनिणीला त्यांत बसवा. थुवतीरा नगरची लुदिया स्वतः जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करीत होती, आणि प्रेषितांना घरीं ठेवून घेण्याइतकें तिचें घर व्यवस्थित होतें (प्रेषितांचीं कृत्यें १६). हिशेब ही पुरुषाचीच विद्या आहे, असें शास्त्र कोठेंही म्हणत नाहीं.

मुलांविषयीं मात्र एक कडक शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. मुलानें शाळा सुटल्यावर वही लिहिली, दुकान झाडलें, तर तें त्याला भूषणच आहे. पण गडी परवडत नाहीं म्हणून मुलाला शाळेंतून काढून गिरणीवर बसविलें, तर त्या गोष्टींतील सावकार जें करणार होता तें आपण आपल्या हातानें केलें. तेल आलें तें मुलगे सुटावे म्हणून आलें. धंदा वांचला आणि मुलगा गेला, तर काय मिळविलें?

आतां त्या रिकाम्या जागेविषयीं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे ऐकत बसला होता. त्याचा सासरा इथ्रो आला आणि त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, ही रीत चांगली नाहीं, अशानें मोशेही झिजून जाईल आणि लोकही थकतील (निर्गम १८). मोशे देवाचेंच काम करीत होता, तरी एकट्यानें सर्व करणें त्याला चुकीचें ठरलें. मग गिरणीचें काम एकट्यानें सात दिवस करणें कसें बरोबर ठरेल? रानांत मान्ना पडत असे तेव्हां सहाव्या दिवशीं दुप्पट गोळा करावा लागे, आणि सातव्या दिवशीं कांहीं लोक उगीच बाहेर जाऊन रिकाम्या हातांनीं परत आले (निर्गम १६). विश्रांतीच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशीं करावी लागते, ही यांतील साधी शिकवण आहे. गिरणीच्या दारावर पाटी लावा कीं, शनिवारीं रात्रीं उशिरांपर्यंत दळण मिळेल, रविवारीं बंद राहील. ज्या गांवीं बाजार रविवारीं भरतो तेथें याचें मोल पडतें, हें मी लपवीत नाहीं. पहिले कांहीं आठवडे दोन-चार गिऱ्हाइकें जातील. पण ज्या गिरणीवाल्याचा शब्द खरा, पीठ स्वच्छ आणि वेळ ठरलेली, त्याच्याकडे लोक शनिवारींही येतात. आणि समजा तीं आलीं नाहींत, तरी त्या एका दिवशीं आपण गल्ल्याला दाखवितों कीं, या घरांत धनी दुसरा आहे.

५. भांडीं संपलीं, तेल थांबलें

शेवटची गोष्ट. तेल कोठें थांबलें? भांडीं संपलीं तेथें. विधवेनें त्यापुढें हंबरडा फोडला नाहीं, आणखी भांडीं कां नाहीं आणलीं म्हणून मुलांवर रागावली नाहीं. जेवढें मिळालें तेवढें घेऊन ती उठली. आणि तेवढ्यांत ऋण फिटून पुढचा निर्वाह होण्याची सोय झाली.

एक गिरणी नीट चालूं लागते न लागते तोंच दुसऱ्या कर्जाची गोष्ट निघते. शेजाऱ्यानें मिरची कांडण्याचें यंत्र आणलें, मग आपणही आणावें. कोणी दुकान वाढविलें, मग आपणही वाढवावें. वाढणें हें पाप नाहीं. पण आधीं पहिलें ऋण फिटूं द्या. जो पहिल्या हप्त्यासाठीं दुसरें कर्ज काढतो, त्याच्या भांड्याला भोंक आहे. त्यांत कितीही ओतलें तरी तें भरत नाहीं. मोठीं कोठारें बांधूं पाहणाऱ्या श्रीमंत माणसाचा दाखला प्रभूनें दिला (लूक १२). त्या माणसाला पीक आलें हें पाप नव्हतें. ‘माझें, माझें’ असें म्हणतां म्हणतां त्याला त्या रात्रीचा विसर पडला, हें त्याचें मूर्खपण होतें.

उपदेशकांस व मंडळीस दोन शब्द

उपदेशक बंधूंनो, ज्या घरीं नवा धंदा निघाला आहे तेथें केवळ उद्घाटनाची प्रार्थना करून परत येऊं नका. तीन महिन्यांनीं पुन्हा जा, पोत्यावर बसा, आणि अलीशानें जें विचारलें तें विचारा. वही नसेल तर एक वही विकत घेऊन द्या. तुमच्या पुष्कळ उपदेशांहून ती अधिक काम करील. जो भाऊ कर्जामुळें तोंड चुकवितो त्याच्या मागें दोषारोप करीत जाऊं नका. त्याच्याजवळ बसून कोणाकोणाचें किती देणें आहे हें कागदावर मांडा. बँकेंत जाऊन हप्त्याविषयीं बोलण्यास त्याला भीति वाटत असेल, तर त्याच्याबरोबर जा. विधवा अलीशाकडे आक्रोश करीत आली, कारण तो ऐकून घेईल अशी तिला आशा होती. आपल्या मंडळींतील कर्जबाजारी मनुष्य आपल्याकडे त्याच आशेनें येतो काय, हें आपण स्वतःला विचारावें.

आणि मंडळींतील बंधुभगिनींनो, शेजाऱ्यांनीं त्या बाईला रिकामीं भांडीं दिलीं, तीं त्यांनीं परत मागितलीं असतील, पण त्यांत तेल भरून मागितलें असें कोठें लिहिलेलें नाहीं. आपला भाऊ दुकान घालतो तेव्हां आपण त्याला काय देतों? पुष्कळदां उधारीची यादी देतों. भावाच्या दुकानांत रोख पैसे देऊन माल घ्या. तोच त्याच्यावरील प्रेमाचा पुरावा. दुसऱ्याच्या दुकानांत रोख द्यावयाचा आणि भावाच्या दुकानांत उधार मागावयाचें, हें ख्रिस्ती बंधुत्व नव्हे.

आपल्या गिरणीवाल्या भावाकडे पुन्हा जाऊं या. मास्तर वही घेऊन आले आहेत. पहिल्या पानावर ११,००० रुपये दुसऱ्यांचे, ४,००० घरचे, असें लिहिलें जातें. तो भाऊ बराच वेळ त्या आंकड्याकडे पाहत राहतो. मग म्हणतो, “मास्तर, म्हणजे मी इतके दिवस लोकांच्या पैशावर जगत होतों.” मास्तर त्याला धीर देऊन म्हणतात, “भाऊ, आतां उरलेल्यावर जगूं या. त्यांत देवाचा आशीर्वाद आहे.”

प्रिय वाचकहो, उरलेलें थोडें असेल. पण तें आपलें असेल, आणि तें खातांना कोणाचें तोंड चुकवावें लागणार नाहीं. ज्या प्रभूनें आमचें सर्वांत मोठें ऋण स्वतः फेडलें, तो आपल्या गिरण्यांत, दुकानांत, शिवणयंत्रांपाशीं आणि वह्यांच्या पानांवर आपल्याबरोबर असो. आपले हात उद्योगी, आपलें माप पुरें, आणि आपलीं मुलें आपल्या दाराच्या आंत राखो. आमेन.